सावकाश वाजणारे तवे

जळकोट, तालुका तुळजापूर
शिवरात्रीचा दुसरा दिवस, इंग्रजी साल १९४६

चिरंजीव शरणबसप्पा यास आज्जी रुद्रम्माचा डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद.

शरणू, तुझं खोकं पोचलं. गाण्याचा एकबी तवा फुटला न्हाय. खुशाली मागून लिहिते, आधी हे ऐक.

दुकानाचा माल आणाय गेलेल्या महारुद्रानं सोलापूरपासून लॉरीत मांडीवर ठेवून आणलं म्हणं. करोडगिरीच्या, म्हंजी निजामाच्या जकातीच्या नाक्यावर शिपायानं खोकं उघडाय लावलं. आत पुठ्ठ्याचं जाड बुक आन् पानापानात एक एक काळा तवा. शिपाई म्हणाला, ह्याच्यावर भाकरी कशी भाजणार, मधी भोक हाय. महारुद्र म्हणाला, साहेब, ह्याच्यात आमच्या गावचं पोरगं हाय. शिपायानं एक तवा उन्हात धरून फिरवून बघितला आन् म्हणाला, दिसत तर न्हाय, जाव.

बुकावर तुझा फोटो हाय. वाळलास. कपाळाला भस्म न्हाय, तर ते फोटोत उमटत नसतंय असं म्या समद्यांना सांगितलं. व्हायोलिन मात्र छान धरलंस. सोलापूरला तुला शाळेला धाडला, तर तू सिनेमाच्या थेटरातल्या गोव्याच्या मास्तराकडून हेच शिकून आलास. त्या वेळी तुला मी लई बोलले. आता तुझ्या नावाचे तीन तवे निघाले, तर बोललेलं माघारी घेते. अर्धं घेते. अर्धं राहू दे.

तवे आले, पण वाजवायचे कशावर. जळकोटात बाजा एकच, अमीनसाहेबांच्या घरी. अमीनसाहेब तुला आठवत असतील, पोलिसातले, घोड्यावरून यायचे आन् आपल्या दुकानातून वेलदोडे न्यायचे. ते वारले. लेक हैदराबादेत दिली. घरात त्यांची बीबी, मदिनाबी, एकटी. मी जन्मात तिच्या दारात गेले नव्हते. ती पडद्यातली, मी दुकानातली. पण पदरात बुक घेतलं आन् गेले. बाहेरूनच म्हणाले, बीबी, नातवाचे तवे आलेत, वाजवता का.

आतून आवाज आला, "कौन, दुकानवाली? अंदर आव ना. बाहर से क्या सुनतीं?"

मी उंबऱ्यावर बसले. आत न्हाय, बाहेर न्हाय. तिनं चावी दिली, सुई ठेवली. आधी नुसती खरखर. मग शरणू, तुझं वाजाय लागलं.

ते जाझ का काय म्हणतोस ते मला कळत न्हाय. एक वाद्य हाय, सनईच्या थोरल्या भावावाणी, घसा बसलेला. त्याच्या मागनं तुझी व्हायोलिनं. आठजण वाजवतात म्हणतोस, मला तर एकच माणूस आठ तोंडांनी बोलल्यागत वाटलं. पहिले दोन तवे बरे हायेत. पण तिसऱ्याच्या पाठीवर जे हाय, ते किती सावकाश केलंस रे. कुणीतरी ताट वाढून घेतं, बसतं, दाराकडं बघतं, उगंच उठतं, मीठ आणतं, परत बसतं. घाई कशाची न्हाय, कारण कुणी येणार न्हाय. एकट्यानं जेवणाऱ्या माणसानं केलेलं हाय हे. मला कळतं, तुझे आजोबा गेल्यापासून मी बी तशीच जेवते.

मदिनाबीनं पदर तोंडाला लावला. म्हणाली, "इसकू कौन सताया गे?" म्या म्हणलं, कुणी न्हाय, चांगल्या मोठ्या हाटेलात असतोय. पण घरी येताना मला घोर लागला.

तर सांग, मुंबईत तू कुणासंगं जेवतोस. दुकान बरं चाललंय. म्हणजे मी उघडते आन् लावते. तुझ्या आई-बापामागं तुला वाढवला तो ह्याच दुकानावर, आन् ते तुझंच हाय. कवा येऊन बसतोस तेवढं कळव. पाकीट महारुद्राकडं देते, तो सोलापुरात टाकंल.

तुझी अव्वा

*

मुंबई, धोबीतलाव
१४ मार्च १९४६

ती. अव्वा यांना शरणबसप्पाचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वाचून फार हसलो. शिपायाचा किस्सा सगळ्या बँडला सांगितला. आमचा मिंगेल, जो सॅक्साफोन वाजवतो (तुमच्या सनईचा थोरला भाऊ), तो म्हणाला की त्या शिपायाएवढं नीट निरखून आमची रेकॉर्ड इथं कुणी पाहिलेली नाही.

माझी काळजी करू नका. हॉटेलात रोज गर्दी असते. रेकॉर्ड लोकांना आवडली. कंपनीवाले दुसऱ्या आल्बमचं बोलत आहेत. जेवायला आम्ही सगळे एकत्रच बसतो, बँडमधले आणि हॉटेलातले मिळून दहाबारा जण, इतका गोंगाट की काय खातो तेही कळत नाही. तेव्हा एकट्याचं ताट वगैरे तुमच्या मनात कुठून आलं कोण जाणे.

एक कळलं नाही. तिसऱ्या रेकॉर्डची मागची बाजू तर आल्बममधली सगळ्यात जलद आहे. तिच्यावर लोक नाचतात. तुम्ही बहुतेक दुसरीच कुठली ऐकली असेल, किंवा हे संगीत तुमच्या कानाला नवं आहे म्हणून तसं वाटलं असेल. पुन्हा ऐकून कळवा.

दुकानाचं पावसाळ्यानंतर बघू. तब्येतीला जपा. मदिनाबींना माझा सलाम सांगा.

आपला,
शरणू

*

जळकोट
पाडव्यानंतर चौथा दिवस

चिरंजीव शरणूस आशीर्वाद.

दहाबारा जण एकत्र जेवता हे वाचून बरं वाटलं. मग पत्र मदिनाबीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "झूट बोलता. दस लोगां में बैठको कोई ऐसा बाजा नै बनाता." म्या नुसती पत्राची घडी घातली. ती वयानं मोठी.

आता मी रोजच जाते. दुपारी गिऱ्हाईक नसतं तवा. उंबरा सुटला, आत खाटंवर बसते. तिचा चहा पहिले चार दिवस न्हाय घेतला, आता घेते. ते हणमंतप्पाला कळलं. तुझा चुलता, नात्यानं चुलत असला तरी बोलण्यात सख्ख्याच्या वरचा. दुकानात येऊन चार माणसांत म्हणाला, "काकू, गळ्यात लिंग हाय नव्हं? आन् अमिनाच्या घरी चहा पिता?" म्या म्हणलं, लिंग गळ्यात हाय रे, जिभेवर न्हाय. तुझ्या घरी बोलावलंस का कवा चहाला, तिथं बी आले असते. लोक हसले. तो तंबाखू घ्यायला आलता, तसाच गेला.

तू लिहिलंस, पुन्हा ऐका. ऐकलं. तिसरा तवा, पाठीची बाजू. तीच हाय. सावकाशच हाय. शरणू, केलंस तूच आन् मला जलद म्हणून सांगतोस.

पण मग झाला घोटाळा, तो सांगते. परवा नळदुर्गाचा घड्याळजी आलता, गावात कुणाचं घड्याळ होतं. मदिनाबी म्हणाली, आमचा बाजा बी जरा बघ, चावी देताना कुरकुरतो. त्यानं समदा खोलला. आत तेल वाळून गुळावाणी झालेलं. ते पुसलं, नवं घातलं, एक मळसूत्र होतं ते पिळलं. म्हणाला, बघा आता. आन् तुझाच तवा लावला.

काय सांगू. बकरीमागं लांडगा लागावा तसं पळाय लागलं. तो थोरला भाऊ जाऊन सनईचं बारकं पोर आलं. ताट न्हाय, दार न्हाय, मीठ आणाय उठणं न्हाय. लग्नातली पंगत उठवतात तसं, आवरा, आवरा, पुढची पंगत बसायचीय. मी म्हणलं, अरे, हे काय केलंस. तो म्हणाला, "मावशी, हीच बरोबर चाल हाय. आधी बाजा बिघडला हुता, मंद फिरत हुता."

मदिनाबीनं तिची रेकार्ड लावली, तिचा एक कव्वाल हाय, भारदस्त आवाजाचा. तो बी पोरगा झाला. मग तर ती उठलीच. "मेरे मियाँ के जमाने से ऐसाच बजता. उनो बहरे थे क्या? पहले जैसा था वैसा कर दे." घड्याळजी म्हणाला, बीबी, बिघडलेला बाजा पुन्हा बिघडवू कसा. मी म्हणलं, जसा घडवलास तसा बिघडव, मळसूत्र तुझ्याच हातात हाय. तो गावभर सांगत गेला की दोन म्हाताऱ्यांनी दुरुस्त केलेली वस्तू मोडून घेतली. सांगू दे. बाजा पहिल्यासारखा झाला आन् तुझं ताट परत समोर आलं.

एवढं मात्र कंपनीला कळव की त्यांचे तवे नीट वाजवायचे कसे हे लोकांना सांगत जा म्हणावं. नळदुर्गाच्या ह्याच्यासारखे घड्याळजी गावोगाव हायेत, तुझं नाव खराब करतील.

उन्हाळा कडक हाय. विहिरीला पाणी हाय अजून. तू दहाबारा जणांत पोटभर जेव.

तुझी अव्वा

*

मुंबई
२२ एप्रिल १९४६

ती. अव्वा,

हे पत्र मी बऱ्याच वेळा लिहायला घेतलं. आता जे आहे ते लिहितो.

घड्याळजीचं बरोबर होतं. बाजा बिघडलेलाच होता. रेकॉर्डवर जे आहे ते पळणारंच आहे.

पण मी ते तसं केलं नव्हतं. मी केलं होतं ते तुम्ही ऐकलंत तसं. रेकॉर्डच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटंच मावतात. माझी ती रचना पाचेक मिनिटांची होती. वाजवायच्या दिवशी कंपनीचा माणूस म्हणाला, काप, नाहीतर पळव. कापायचं म्हटलं तर कुठून, मला सुचेना. मी म्हटलं, पळवतो. तो काचेमागं उभा राहून हातानं लवकर, लवकर करत होता, आणि आम्ही सगळे धावत होतो. मिंगेल घामाघूम झाला. रेकॉर्ड छापून आली तेव्हा मी खोलीवर ऐकली, आणि ती माझी आहे हे मला ओळखू आलं नाही. म्हणून तुम्हाला लिहिलं की तिच्यावर लोक नाचतात. तेही खरं नाही. ती कुणी घेतच नाही.

बाकीचंही सांगून टाकतो. लढाई संपली, गोरे सोल्जर बोटीनं घरी चालले, आणि नाचायला येत होते ते तेच. हॉटेलनं आमचा बँड फेब्रुवारीतच बंद केला. बँडमधले बाकीचे गोव्याला, पुण्याला, कुठं कुठं गेले. राहिलो मी आणि मिंगेल, आणि त्याला बायकामुलं आहेत, तो घरी जेवतो. मी खाली इराण्याकडे जेवतो. भिंतीकडं तोंड करून बसतो, म्हणजे समोरची खुर्ची दिसत नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला उंबऱ्यावर बसून कळलं.

तुमचं पत्र मी मिंगेलला वाचून दाखवलं, कोकणीत समजावून. मग त्यानं सॅक्साफोन काढला आणि ती चाल सावकाश वाजवली. तो म्हणतो, रेडिओवर वेळेचं असं बंधन नाही, तिथं पाच मिनिटं पाच मिनिटंच असतात. त्याची ओळख आहे. तिथले लोक आठ-दहा तंतुवाद्यं देतील, पण वर्षभर इथं राहून तालमी घ्याव्या लागतील, आणि त्यातून काही निघेल की नाही, कोणी सांगू शकत नाही.

मी त्याला नाही म्हणालो. माझी चाल जशी होती तशी दोन माणसांनी ऐकली. पुष्कळांच्या नशिबात तेवढंही नसतं. आता मला थकायला झालंय, अव्वा. मी घरी येतो. खोलीचं आवरून ज्येष्ठ लागायच्या आत पोचेन. दुकान बघेन. तुम्ही आयुष्यभर उघडलंत आणि लावलंत, आता बसा.

आपला,
शरणू

*

जळकोट
अक्षय तृतीया होऊन गेल्यावर

चिरंजीव शरणूस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तवा मी वाटाणे मोजत होते. वाचलं आन् माप तसंच टाकून आळीत साखर वाटली. जो दिसंल त्याला सांगितलं, शरणू येतोय, कायमचा येतोय. शेजारच्या महादेवीनं विचारलं, सुनेचं बघायचं का मग. मी म्हणलं, बघायचं. तुझी खोली सारवून घेतली. मळ्याच्या वाटेवरून गेले तर म्हाताऱ्या दगडोबाला बी सांगितलं, आन् त्याला तर कानानं ऐकूच येत न्हाय.

मग मदिनाबीकडं गेले. तिला सांगितलं, तर तिनं तोंडावर हसू आणलं, पण चावी द्यायची विसरून बसली. मी म्हणलं, काय झालं. ती म्हणाली, "कुछ नै. वो आया तो उसका ये बजाना किसका रहेगा, रुद्रम्मा? दुकान में बैठनेवाले का?"

मला राग आला. म्हणलं, बीबी, तुमची लेक हैदराबादेत हाय म्हणून माझा नातू मुंबईत ठेवता का. ती म्हणाली, "हौ, जलती मैं. पर बात झूट बोली क्या?" मी चहा न पिताच उठले. दोन दिवस गेले न्हाय. आपल्याच ओट्यावर बसून राहिले. त्या दोन दिवसांत काय काय विचार केला ते लिहाय बसले तर शाई पुरणार न्हाय, आन् लिहिण्यासारखं बी न्हाय. तुला भाकरी वाढतेय, तू गादीवर बसून हिशेब करतोस, एवढंच परत परत. लई चांगलं दिसत हुतं.

पण एक गोष्ट त्यात बसंना. तुझे आजोबा दुकानात बसायचे, त्यांना ते आवडायचं. गिऱ्हाईकाशी तास तास बोलायचे. तू लहानपणी दुकानात बसवलं की भिंतीकडं तोंड करून बसायचास. मला वाटायचं, झोप येतीय पोराला.

शरणू, मला तू पाहिजेस. हे आधी लिहून ठेवते, म्हंजी पुढचं वाचून म्हातारीला आपली गरज न्हाय असं तुला वाटायला नको.

तिसऱ्या दिवशी मी हणमंतप्पाच्या घरी गेले. त्यानं पाट दिला, पण चहा विचारला न्हाय. म्या म्हणलं, तुझ्या थोरल्याला जागा पाहिजे हुती ना दुकानाला. घे. तागडी, मापं, डबे, समदं घे. मी मागं एक खोली ठेवून घेते. त्याला खरंच वाटंना. म्हणाला, "काकू, शरणू येतोय म्हणून साखर वाटलीत की तुम्ही." म्या म्हणलं, साखर काय माघारी मागत न्हाय. पोलीस पाटलासमोर बोलणं झालं. काल त्याच्या पोरानं दुकान उघडलं. मी खोलीत हुते, फळ्या काढल्याचा आवाज आला. तो फळ्या जोरात टाकतो, शिकंल हळूहळू.

तर आता तुला इथं बसाय जागा न्हाय. हे रागानं लिहीत न्हाय, खरंच न्हाय. मिंगेलला सांग, आमचं ठरलं. त्या रेडिओवाल्यांकडं जा. तालमी घे. कुणी काचेमागून हात हलवला तर तिकडं पाठ कर. इराण्याकडं जेवायचं तर जेव, पण भिंतीकडं तोंड करू नको. खुर्ची रिकामी दिसली तर दिसू दे. तुझ्या वाजवण्यात ती आलीच हाय, तिला काय भ्यायचं.

जळकोटात रेडिओ न्हाय. पाटलाकडं येईल येईल म्हणतात, येत न्हाय. तेव्हा तुझं ते पाच मिनिटांचं मला ऐकू येणार न्हाय. माझ्याजवळ जे हाय ते हाय.

मदिनाबीला हे सांगितलं तवा ती लई रडली आन् मग मलाच म्हणाली, "तू दीवानी है, रुद्रम्मा." चहा केला. साखर जास्त पडली.

आता दुकान न्हाय, तर दिवस मोठा झालाय. दुपार तर संपत न्हाय. पण ते माझं मी बघते.

पावसाळ्याआधी मात्र एकदा ये. म्या तुला बघितल्याला लई दिवस झाले. दोन दिवस राहा, पोटभर खा, मदिनाबीला भेट, तिला तुझा हात बघायचाय, व्हायोलिनवाल्याचा हात कसा असतो म्हणती. मग मोटारीनं सोलापूरला जा. तुला सोडाय मी हमरस्त्यापर्यंत येणार न्हाय, तेवढं माझ्याच्यानं व्हत न्हाय.

तुझी अव्वा